पिक्चरचं वेड वेगळं, ॲक्टिंगचं वेड वेगळं

मैत्रिणीच्या मुलीचा मेसेज आला, रात्री पावणेबाराला. "मावशी, मला पिक्चरशिवाय काही सुचत नाही, मी ॲक्टिंग करू का?" आता या वाक्यातल्या स्वल्पविरामाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भागाचा एकमेकांशी नक्की काय संबंध, हे मला चौदा वर्षं काम करूनही धड कळलेलं नाही, आणि गंमत म्हणजे मी स्वतः अगदी हेच वाक्य बोलून या धंद्यात आले. तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच टाकते.

आधी माझं सांगते म्हणजे उगाच अपेक्षा नकोत. मी स्टार वगैरे नाही. नर्स, वकिलाची असिस्टंट, हिरोची शेजारीण, "सर, तुमची सही जुळत नाहीये" म्हणणारी बँकेतली बाई, आणि एकदा तर नुसता भिंतीवरचा फोटो (मेलेली आई, त्या एका फोटोसाठी दोन तास मेकअप). काम मिळतं, घर चालतं. आणि पिक्चर मी आठवड्याला चार-पाच बघते, सुट्टी असली तर दिवसाला दोन. म्हणजे दोन्ही रोग मला आहेत, दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात, पण औषध एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही.

पिक्चर आवडतो म्हणजे आपल्याला काय आवडतं बघा. तयार झालेली वस्तू आवडते. दीड तासाचा पिक्चर म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम या हिशोबाने १,२९,६०० फ्रेम, आणि त्यातली प्रत्येक कोणीतरी ठेवलेली असते, तिच्या आजूबाजूच्या कितीतरी फेकून दिलेल्या असतात. आपण अंधारात बसतो, मागून म्युझिक हळूच वर येतं, कॅमेरा एका चेहऱ्याकडे सरकतो आणि आपल्या घशात आवंढा येतो. मग बाहेर पडताना आपण म्हणतो "काय काम केलंय यार!" सगळं श्रेय त्या चेहऱ्याला. लाइट लावणारा, कट करणारा, ती दोन सेकंदांची शांतता ठेवणारा, यातलं कोणी आपल्याला दिसत नाही, चेहरा दिसतो. म्हणून पिक्चरवर प्रेम बसलं की ते चेहऱ्यावर बसल्यासारखं वाटतं आणि पुढची पायरी आपोआप, मलाही तो चेहरा व्हायचंय.

या घोटाळ्याची फार जुनी गोष्ट आहे, फिल्म शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच सांगतात, ॲक्टिंग शिकणाऱ्यांना का सांगत नाहीत देव जाणे. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने इव्हान मोझुखिन या त्या काळच्या मोठ्या नटाचा एक क्लोजअप वापरला, कोरा चेहरा, आणि तो एकदा सूपच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा एका बाईच्या शॉटनंतर जोडला. क्लोजअप प्रत्येक वेळी तोच. त्याचा सहकारी पुडोवकिन याने नंतर सांगितलं त्याप्रमाणे बघणाऱ्यांनी नटाचं भरभरून कौतुक केलं, सूपसमोर विचारात काय हरवलाय, दुःख काय दाखवलं. नटाने काहीच दाखवलं नव्हतं. ती मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, पण एडिटिंग टेबलवर बसलेल्या कोणालाही विचारा, हे रोज होतं.

म्हणजे प्रेक्षक म्हणून तुम्ही ज्यावर जीव टाकलाय ते कदाचित नटाने केलेलंच नाहीये!

आता दुसरी बाजू, ॲक्टिंग आवडणं. हे बाहेरून दिसत नाही म्हणून जरा तपशिलात सांगते, मागच्या वर्षीचा एक सीन घेऊ. मी शेजारीण. रात्री हिरो माझ्या घरी येतो, विचारतो "ती इथे आली होती का?" मी हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवते आणि म्हणते "नाही आली." ती आतल्या खोलीतच आहे, मी खोटं बोलतेय. बस, एवढंच. पिक्चरमध्ये हे अकरा सेकंद आहे.

सकाळी आधी एक मॉनिटर झाली (म्हणजे कॅमेऱ्यासमोरची तालीम, सेटवर असंच म्हणतात), मग मास्टर (अख्खा सीन एकाच शॉटमध्ये), मग सजेशन (माझ्या खांद्यावरून हिरो), मग हिरोचा क्लोज (नुसता चेहरा), त्यात मी फ्रेमच्या बाहेर कॅमेऱ्याला चिकटून उभी राहून त्याला क्यू देत होते, मनापासून देत होते कारण समोरच्याने नीट दिलं नाही तर काय होतं ते मला माहितीये. मग मध्ये दुसरेच दोन सीन झाले. माझा क्लोज लागला संध्याकाळी, आणि तोपर्यंत हिरोचा पॅकअप झालेला. त्याच्या जागी एक असिस्टंट कागदावरून वाचत होता, बस स्टॉपवर पत्ता विचारावा त्या सुरात, "ती इथे आली होती का". मी बघायचं कुठे तर लेन्सच्या बाजूला लाइटच्या स्टँडवर चिकटवलेल्या टेपच्या फुलीकडे, तीच माझी आयलाईन. पायाखाली टेपचा मार्क, चार बोटं पुढे सरकले तर फोकस गेला. मास्टरमध्ये ग्लास "नाही" या शब्दावर ठेवला होता त्यामुळे आता प्रत्येक वेळी "नाही" वरच ठेवायचा, "आली" वर नाही, नाहीतर शॉट जोडताना जुळणार नाही (हे सगळं टिपून ठेवायला सेटवर एक वहीवाल्या ताई असतात). आवाज नको म्हणून टेबलावर फेल्टचा छोटा तुकडा. ग्लासला आतून पेनाची बारीक खूण, प्रत्येक टेकनंतर कोणीतरी येऊन तिथपर्यंत पाणी भरणार.

नऊ टेक झाले. पहिला फोकससाठी गेला, दुसऱ्याला वरून विमान गेलं, तिसऱ्याला मी चुकले, चौथा ओके पण अजून एक घेऊ, पाचव्याला कॅमेऱ्याला धक्का लागला, असं करत करत. सातव्या टेकला काय झालं, त्या असिस्टंटची कागदावरची ओळ चुकली असावी, तो मध्येच थांबला. दीड सेकंद. आणि त्या दीड सेकंदात मी त्या फुलीकडे बघत होते आणि मला एकदम वाटलं की याला कळलंय. याला माहितीये ती आत आहे. माझा हात थंड पडला, ग्लास जड लागला, "नाही आली" हे मी बोललेच नाही खरं तर, ते निघालं. कट. डायरेक्टर म्हणाला "छान, सेफ्टीसाठी अजून एक करू." कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ॲक्टिंग आवडणं म्हणजे हे. बारा तासांतला दीड सेकंद, समोर टेपची फुली. ज्याला त्या दीड सेकंदासाठी उरलेला दिवस खुर्चीत बसून काढणं परवडतं, म्हणजे नुसतं परवडत नाही, बरं वाटतं, त्याला ॲक्टिंग आवडते. पिक्चरशी याचा काही संबंध नाही. त्या क्षणी पिक्चर कुठेच नसतो.

आता पुढचं ऐका. पिक्चर लागला, मी तिकीट काढून बघायला गेले. सीन आला. हिरोने विचारलं, आणि कॅमेरा त्याच्यावरच राहिला. माझं "नाही आली" त्याच्या चेहऱ्यावर ऐकू येतं, सजेशनमध्ये माझा खांदा आणि थोडे केस दिसतात, ग्लास ठेवलेला दिसतही नाही. माझा अख्खा क्लोज गेला. माझ्यातली नटी रुसली, इंटरव्हलपर्यंत तिने काही बघितलं नाही. आणि माझ्यातली पिक्चरवेडी शेजारच्या खुर्चीत बसून म्हणत होती, अगं बरोबर कापलंय, गोष्ट त्याची आहे, तो विश्वास ठेवतो की नाही ते बघायचंय आपल्याला, तू खोटं बोलतेस हे तर आधीच माहितीये. दोघी घरी येईपर्यंत भांडत होत्या.

बरं, या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत इथपर्यंत ठीक, पण एक दुसरीला चक्क बिघडवते हे कोणी सांगत नाही. सुरुवातीला मी रडायचे ते बघितलेलं रडायचे. एवढे पिक्चर डोक्यात, त्यामुळे मला माहिती होतं रडणारा चेहरा पडद्यावर कसा दिसतो, आधी ओठ थरथरतात, मग नजर खाली, मग एक अश्रू, तोही कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यातून. एका वर्कशॉपमध्ये सरांनी मध्येच थांबवलं, म्हणाले "तू रडत नाहीयेस, रडताना कशी दिसतेस ते दाखवतेयस." दोन दिवस राग होता मला त्यांचा. याला रिझल्ट खेळणं म्हणतात, शेवट आधीच माहिती असल्यासारखं वागणं. सीनमधल्या बाईला कुठे माहिती असतं की ती आता रडणार आहे? ती तर न रडायचा प्रयत्न करत असते. पण पिक्चरवेड्या नटाच्या डोक्यात तो सीन आधीच एडिट होऊन, म्युझिकसकट चालू असतो. स्वतःलाच प्रेक्षकातून बघत बसतो तो, आणि जो बघत बसलाय तो करणार कधी.

रॉबेर ब्रेसाँ हा फ्रेंच दिग्दर्शक तर नटांना नट म्हणायलाच तयार नव्हता, मॉडेल म्हणायचा, शक्यतो कधी काम न केलेली माणसं घ्यायचा आणि त्यांच्यातलं 'दाखवणं' संपेपर्यंत टेक घेत राहायचा. हे जरा टोकाचं आहे, माझं पोट असं भरणार नाही. पण वेड अजिबात नसलेल्याचं उदाहरण म्हणून 'बायसिकल थीव्ज' बघा, १९४८ चा. त्यातला बाप झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यात काम करणारा माणूस होता, नट नव्हता. ना पिक्चरचं वेड ना ॲक्टिंगचं, आणि तरी तो चेहरा विसरता येत नाही. मग वेडाचं काय घेऊन बसलात असं कोणी म्हणेल, तर मान्य आहे, मला याचं उत्तर नाही.

माझ्या ओळखीचा एक नट आहे, माझ्यापेक्षा कितीतरी पट चांगला, त्याला पिक्चर बघताना झोप येते. खरंच. स्वतःचा पिक्चरही अर्धा बघतो. नाटकातून आलाय, त्याला समोर जिवंत माणसं लागतात, प्रयोगाला एखादं वाक्य काल हसू आणलं आणि आज नाही आणलं तर का नाही यावर तो दोन दिवस विचार करतो. पिक्चरमध्ये ते काही नाही म्हणून त्याला पिक्चर म्हणजे नोकरी वाटते. आणि ज्याच्याकडे मी वर्षानुवर्षं पिक्चर उसने मागितले, ज्याला प्रत्येक शॉट पाठ, असा एक मित्र एकदा हौसेने छोटा रोल करायला आला, दुपारपर्यंत बेजार झाला. म्हणाला "सारखं तेच तेच काय करायचं, एकदा झालं ना चांगलं?" त्याला तयार झालेली वस्तू हवी होती, ती बनताना बघून त्याचा मूडच गेला.

डबिंगचं तर बोलायलाच नको. स्वतःचा तोच आठ सेकंदाचा तुकडा वीस वेळा समोर फिरतो, ओठ जुळवायचे, श्वास जुळवायचा, विसाव्या वेळी आपलाच चेहरा शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईचा वाटायला लागतो. पिक्चरवरचं प्रेम तिथे टिकलं तर समजा कायमचं टिकलं.

पण सगळंच नुकसान आहे असंही नाही हां. पिक्चरवेड्या नटाला एक फायदा नक्की होतो, त्याला कळतं की आपण काय बनवतोय. मी टेकच्या आधी हळूच विचारते, ५० लागलीय का ८५? तेवढ्याच अंतरावरून ८५ ची लेन्स म्हणजे चेहरा जास्त भरणार, तिथे भुवई जरी उचलली तरी आरडाओरडा वाटतो. ३५ असेल तर खांदे आणि हातही येणार, मग ग्लास कसा धरलाय यालाही अर्थ आहे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मी माझं घुसवत नाही, मुद्दाम सांगितलं नसेल तर, कारण दोन आवाज एकमेकांवर चढले की एडिटरला कापायला जागा राहत नाही. वाक्य झाल्यावर लगेच चेहरा सोडून देत नाही, कट म्हणेपर्यंत त्या बाईच्याच डोक्यात राहते, बऱ्याचदा तेच दोन सेकंद वापरले जातात. हे सगळं मला वर्कशॉपमध्ये नाही कळलं, पिक्चर बघून बघून कळलं. पण हे टेकच्या आधी. "रोल कॅमेरा" म्हटलं की डोक्यातली पिक्चरवेडी दाराबाहेर, चपला काढतात तिथे.

तर त्या मुलीला मी लिहिलं की एक प्रश्न स्वतःला विचार. तुला एखादं काम मिळालं, महिनाभर तू जीव ओतून केलंस, आणि नंतर कळलं की तो पिक्चर कधीच लागणार नाही, डब्यात पडून राहणार, तर तो महिना वाया गेला असं वाटेल का? थोडं तरी सगळ्यांनाच वाटतं, मलाही दोनदा वाटलंय. पण "काम मात्र मस्त झालं होतं" हे त्याच्या आधी मनात येतं का नंतर, ते बघ.

तिचं उत्तर आलं नाही. आलं ते हे, "मावशी, परत एकदा सेटवर येऊ?"

आता हे मी मघाशी सांगितलं नाही, पण त्या ग्लासच्या दिवशी ती तिथेच होती. परवानगी काढून आणलं होतं, एका कोपऱ्यात स्टूल दिलं, फोन बंद करून बसायला सांगितलं. मला वाटलं दोन तासांत कंटाळेल, आलेले पाहुणे कंटाळतातच. ती पॅकअपपर्यंत हलली नाही. परत जाताना गाडीत मी वाट बघत होते की ही सातव्या टेकबद्दल काही बोलते का, बोलली तर मी समजले असते. ती खिडकीतून बाहेर बघत होती, बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाली,

"मावशी, तिसऱ्या टेकला ग्लास डाव्या हातात होता तुझ्या. मास्टरमध्ये उजव्या होता. त्या वहीवाल्या ताईंच्या आधी मी पकडलं."