चूक उशिरा कळते, तरी हात शिकतो कसा?

डोळे मिटून तर्जनी नाकाला लावा. बोट नेमकं टेकतं. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाचं बोट मात्र पुढे निसटतं किंवा अलीकडेच थांबतं, आणि नाक जवळ येईल तसं थरथरतं. स्नायूंत ताकद असते, बिघडतो तो अंदाज.

वजनानं मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या भागात एकूण ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज असतात. 'माणूस मेंदूचा १० टक्केच वापर करतो' ही थाप अजून खपते, याचं वाईट वाटतं. वजनानं दहावा हिस्सा असलेल्या या लहान मेंदूला धक्का बसला तरी धड चालणंही अवघड होतं!

लहान मेंदू शिकतो कसा, याचा जो सांगाडा संशोधक डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये मांडला, त्यावर आजची बरीच संगणकी मॉडेलं उभी आहेत. लहान मेंदूतल्या एका पर्किंजे पेशीला (ही एक मोठी चेतापेशी) दोन प्रकारच्या तंतूंतून निरोप येतात: समांतर तंतूंच्या लाखाहून अधिक जोडण्या असतात, आरोही तंतू मात्र एकच. समांतर तंतू हाताची स्थिती आणि वेग कळवतात. आरोही तंतू चूक कळवतो, तीही सेकंदाला साधारण एकदाच. मॉडेलमध्ये प्रत्येक जोडणीला एक भार, म्हणजे तिचा जोर सांगणारा आकडा, देतात. चूक आली की सक्रिय जोडण्यांचा भार घटवायचा: बदल = −(शिकण्याचा दर × चूक × सक्रियता). दर फार मोठा ठेवला तर दुरुस्ती एकदा इकडे, एकदा तिकडे झोके खाते.

खरी मेख 'सक्रिय' या शब्दात आहे. सक्रिय कधी? समजा, चूक २०० मिलिसेकंद उशिरा कळते आणि हात सेकंदाला अडीच वेळा मागेपुढे होतोय. एक फेरी ४०० मिलिसेकंदांची, म्हणजे निरोप येतो तेव्हा हात नेमका उलट टोकाला! त्या क्षणीच्या जोडण्या घटवल्या तर चूक दर फेरीत वाढत जाते.

म्हणून प्रत्येक जोडणीवर आधीच्या सक्रियतेची, हळूहळू विरणारी खूण ठेवतात, म्हणजे उशिरा आलेली चूक योग्य जोडणीला लागू होईल. पूर्ण फेरी ३६० अंशांची धरली, तर २०० मिलिसेकंदांचा उशीर १८० अंशांचा. पण २०० मिलिसेकंदांत विरणारी साधी खूण इथे ७२ अंशच मागे पडते. हवेत १८०, फरक १०८. फरक ९० अंशांपलीकडे गेला की शिकणं उलटं फिरतं. तीच खूण तशाच विरण्याच्या दुसऱ्या टप्प्यातून काढली की पिछाडी १४५ अंशांवर जाते, फरक ३५ उरतो आणि चूक आटू लागते.

अशी खूण सजीवातही असावी. सशाला सूर ऐकवून डोळ्यावर हवेचा झोत सोडला, तर तो सूर ऐकताच पापणी मिटायला शिकतो. दोहोंत २०० ते ५०० मिलिसेकंदांचं अंतर असेल तर हे उत्तम जमतं. ५० मिलिसेकंदांवर जवळपास नाहीच.