ज्येष्ठसेवेसाठी दाननिधी (नाशिक)

ज्येष्ठसेवेसाठी दाननिधी : वृद्धांची देखभाल, उपचार, सोबत आणि त्यांना हक्काचे लाभ मिळवून देणे यांसाठी विश्वस्त संस्था, कंपन्या व व्यक्तींनी दिलेला पैसा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ १० टक्के होती.

नाशिक शहरात आणि आदिवासी तालुक्यांत म्हातारपणाची अडचण एकसारखी नाही. नाशिकरोडच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या हातात थोडाफार पैसा असतो. मुले परगावी असली, तर उणीव माणसाची भासते. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर भातकापणी उरकली की तरणी माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. मागे म्हातारी माणसे आणि नातवंडे राहतात. गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ या सरकारी योजनेचे दरमहा १५०० रुपये (२०२३ पासून) खात्यात जमा होतात खरे, पण नागली-वरईच्या शेतात झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्र घेत नाही. आजी बोट पदराला पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा पुसते. दिवस मोडतो आणि जीपभाडे अंगावर पडते. अशा ठिकाणी हयातीचा दाखला आणि आधारची दुरुस्ती करून देणारा, पाड्यापाड्यांवर फिरणारा पगारी कार्यकर्ता नव्या इमारतीपेक्षा जास्त कामाचा.

दान देण्याची रीत नाशिकला नवी नाही. रामकुंडावर दशक्रिया, श्राद्ध करायला लांबून लोक येतात आणि गेलेल्यांच्या नावाने काही देतात. वृद्धाश्रमांतील ‘कायम तिथी’ याच भावनेतून आलेली: देणगीची रक्कम ठेवीत राहते आणि व्याजातून दरवर्षी आईवडिलांच्या तिथीला जेवण घातले जाते. मुद्दल शाबूत राहते, हा तिचा मोठा गुण. मात्र ही सोय बहुधा जेवणापुरतीच थांबते. पितृपक्षात गोडाधोडाची ताटे येतात. अंथरुणाला खिळलेल्याची कूस रात्री दोनदा बदलणाऱ्या मदतनीस बाईच्या पगारासाठी, डायपरसाठी, कवळीसाठी तिथी कोणी लावत नाही. ती लावता येते. त्याच ठेवीच्या व्याजातून एका मदतनिसाचा एक महिन्याचा पगार भागवावा, इतके देणगीदाराने लिहून दिले तरी पुरे.

कंपन्यांना सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेला, पैसा कुठे खर्चता येतो याची यादी कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत आहे; तिच्यात वृद्धाश्रम, दिवसा सांभाळ करणारी केंद्रे व ज्येष्ठांसाठीच्या इतर सोयी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सातपूर-अंबडच्या ज्या कारखान्यांना सीएसआरचे बंधन लागू आहे, त्यांना यासाठी वेगळी वाट शोधावी लागत नाही. पगार म्हणजे वरखर्च, अशी समजूत मात्र आड येते. कायद्यातील ५ टक्क्यांची प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. प्रकल्पातील परिचारिकेच्या पगारावर नाही. शिवाय कायद्यात ज्याला ‘चालू प्रकल्प’ म्हणतात, तो एकाहून अधिक वर्षांचा प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. एका वर्षाच्या मदतीवर नेमलेली बाई मार्चअखेर घरी बसते आणि म्हाताऱ्यांना पुन्हा नव्या हातांची सवय करावी लागते, म्हणून ही मुभा मोलाची.

दाननिधीने सरकारी सोयींची नक्कल करू नये. तिथवर माणूस पोहोचवावा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचे कवच आहे. पण उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड पिशवीत घालून पेठहून नाशिकला यायचे, खिडक्या फिरायच्या आणि ऑपरेशननंतर चार दिवस उशाशी बसायचे, तर सोबतीला कोणीतरी लागते. त्या सोबत्याचा रोज आणि एसटीचे भाडे निधीतून निघावे.