चोक म्हणतात त्याला, पण तो बऱ्याच गाड्यांत चोक नसतोच

थंडीत कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग तो कार्ब्युरेटर) बाईक सुरू करायची कशी यावर दहा जणांना विचारा, दहा वेगळी उत्तरं येतील. कोणी म्हणेल चोक पूर्ण ओढ आणि ॲक्सिलेटरला अजिबात हात लावू नको, कोणी म्हणेल किक मारताना थोडी रेस दे, आणि एखादे काका सांगतील की आधी पेट्रोल बाहेर वाहेपर्यंत कार्ब्युरेटरचं बटण दाबायचं. मला आधी वाटायचं यातले निम्मे लोक थापा मारतायत. पण मागचा इतिहास बघितला की कळतं सगळेच बरोबर आहेत, फक्त प्रत्येकजण वेगळ्या काळातल्या कार्ब्युरेटरबद्दल बोलतोय.

मुळात अडचण काय ते आधी बघू. पेट्रोल द्रव असताना नीट जळत नाही, त्याची वाफ जळते. हिशोबाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते (वजनाने). पण इंजिन गार असलं की कार्ब्युरेटरमधून निघालेलं बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपातच राहतं आणि इनटेकच्या (इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) गार भिंतीला चिकटून बसतं, म्हणजे मापात सोडलं तरी प्लगपाशी पोचणारी वाफ कमीच. वरून ऑइल घट्ट झालेलं, त्यामुळे इंजिन हळू फिरतं, ओढ कमी, म्हणजे पेट्रोल आणखी कमी खेचलं जातं. उपाय एकच, काही वेळापुरतं गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल सोडायचं म्हणजे त्यातला जो थोडा हलका भाग वाफ होईल तेवढ्यावर तरी गाडी पेट घेईल. गेल्या सव्वाशे वर्षांत बदललंय ते फक्त हे जास्तीचं पेट्रोल आत कसं सोडायचं एवढंच.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांत, म्हणजे १८९४ च्या हिल्डब्रांड उंड वोल्फम्युलर या मोटरसायकल वगैरेच्या काळात, सरफेस कार्ब्युरेटर असायचा. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि जाता जाता जमेल तेवढी वाफ उचलायची, बस. थंडीत वाफच होत नाही तर उचलणार काय, आणि हलका भाग आधी उडून गेला की खाली राहिलेलं शिळं पेट्रोल आणखीच नाठाळ. १८९३ मध्ये जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल फवारायची पद्धत आणली होती, पुढे तीच टिकली, आजचा कार्ब्युरेटर त्याच घराण्यातला. फवारा आला तसं पेट्रोल कमीजास्त करणं हातात आलं.

मग ब्रिटिश गाड्यांचा जमाना. १९२७ मध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्ब्युरेटर कंपन्या मिळून अमाल झाली आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक ब्रिटिश बाईकवर अमालच दिसायचा. त्याच्या फ्लोट चेंबरवर (पेट्रोलची छोटी वाटी, आत पातळी सांभाळणारा तरंगता फ्लोट) एक छोटं बटण असायचं, टिकलर. दाबलं की फ्लोट खाली जातो, सुई उघडते, पेट्रोलची पातळी वर चढून जेटमधून ओसंडायला लागतं आणि बोटाला पेट्रोलचा वास दिवसभर. काकांचा सल्ला हा इथला. त्याच्या जोडीला हँडलवर एक एअर लिव्हर असायचा, त्याने आतली एअर स्लाइड (सरकती झडप) खाली यायची आणि हवेची वाट अडायची. म्हणजे एकीकडून पेट्रोल वाढव, दुसरीकडून हवा कमी कर. इग्निशन मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायचा लिव्हर वेगळाच, तो विसरलात तर किक उलटी पायावर यायची. तेव्हा गाडी सुरू करणं म्हणजे एक छोटी पूजाच होती, क्रम चुकला की देव पावत नाही!

खरा चोक म्हणजे गळा दाबणे, शब्दाचा अर्थही तोच. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, हवा आत येते तिथे एक फिरती झडप बसवलेली. झडप बंद केली की पिस्टन हवा ओढतो पण हवा येत नाही, मग आतला दाब एकदम खाली जातो आणि सगळ्या जेटमधून पेट्रोल भसाभस ओढलं जातं. चार सिलिंडरवाल्या जपानी गाड्यांत, १९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये वगैरे, हाच प्रकार. ही झडप पूर्ण हवाबंद ठेवत नाहीत, तिला भोक किंवा स्प्रिंगची छोटी पट्टी असते, नाहीतर पहिला स्फोट झाला की पुढच्याच क्षणी इंजिन पेट्रोलने गुदमरून बंद. इथे झडपेमागे सगळीकडेच ओढ असते, म्हणून थोडी रेस दिली तरी पेट्रोल येत राहतं. रेस दे म्हणणारे बहुतेक या गाड्यांवर शिकलेले.

आणि आता गंमत. मिकुनी, केहिन या जपानी कंपन्यांचे जे कार्ब्युरेटर नंतर असंख्य छोट्यामोठ्या बाईकवर आले त्यातल्या पुष्कळांत अशी झडपच नाही. तिथे बाजूला एक वेगळा बारका रस्ता आणि त्यात एक पितळी प्लंजर असतो. चोक ओढला की प्लंजर वर उचलला जातो आणि फ्लोटच्या वाटीतून स्टार्टर जेटमार्गे पेट्रोल, सोबत थोडी हवा, असं घट्ट मिश्रण थेट स्लाइडच्या (इथे ॲक्सिलेटरने वर-खाली होणारी झडप) मागे इंजिनच्या बाजूला सुटतं. गळा वगैरे कोणी दाबत नाही, उलट जास्तीचा एक नळ उघडतो! इंग्रजीत याला एनरिचनर म्हणतात पण लिव्हरवर चोकच लिहिलेलं असतं, जुनं नाव चिकटलं ते चिकटलं. हा नळ चालतो फक्त स्लाइड बंद असताना, कारण मागची जोरदार ओढ तेव्हाच असते. ॲक्सिलेटर पिळला की ओढ गेली, नळ सुकला, आणि आपण किका मारून मारून घामाघूम. रेस देऊ नको हा सल्ला या कार्ब्युरेटरसाठी शंभर टक्के खरा.

७० च्या दशकात आणखी एक वळण आलं. अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलपासून मोटरसायकलच्या धुरावर मर्यादा आल्या, मग कंपन्यांनी स्लो जेट (गाडी हळू चालताना पेट्रोल देणारे) बारीक केले, मिक्स्चर लीन केलं म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी केलं, मिक्स्चर स्क्रूवर टोपणं ठोकली की कोणी छेडछाड करू नये. गरम झाल्यावर या गाड्या ठीक, पण गार असताना चोकशिवाय हलायला तयार नाहीत आणि चोक लवकर परत आत ढकलला की पहिल्याच वळणावर बंद. दुसऱ्या बाजूला चोक विसरून तसाच चालवत राहिलं तर प्लग काळा होतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून नेतं. ही विसरण्याची सवय ओळखूनच बहुधा स्कूटरवर ऑटो चोक आला, त्यात मेणाची एक गोळी विजेने तापते, फुगते आणि काही मिनिटांत सुई ढकलून तो जास्तीचा रस्ता आपोआप बंद करते. १९८० मध्ये कावासाकीने झेड १००० वर कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं, तिथे तर सेन्सर तापमान बघून स्वतःच पेट्रोल वाढवतो.

आपल्या गाडीत काय आहे ते बघायचं असेल तर एअर फिल्टरचा पाइप काढा आणि टॉर्च मारून कुणाला तरी चोक ओढायला सांगा. तोंडाशी पत्रा फिरताना दिसला तर तो खरा चोक, हलकी रेस चालेल. काहीच हललं नाही आणि चोकची केबल किंवा दांडी बाजूला एका छोट्या नळकांड्यात शिरताना दिसली तर प्लंजर, मुकाट्याने हात ॲक्सिलेटरवरून काढा.