टीच ग्रँट ही कर्जमाफी नाही आणि साधं अनुदानही नाही

कर्जमाफी म्हणजे काय, हे नागपुरात कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतली 'टीचर लोन फर्गिव्हनेस' त्याच जातीची. आधी सरकारी विद्यार्थी कर्ज, मग कमी उत्पन्नाच्या शाळेत सलग पाच पूर्ण वर्षं नोकरी, मग माफी: माध्यमिकचं गणित-विज्ञान किंवा विशेष शिक्षण असेल तर १७,५०० डॉलरपर्यंत, बाकीच्यांना ५,०००. पाच वर्षं भरली नाहीत तर माफी मिळत नाही, एवढंच.

खरा घोळ टीच ग्रँटचा, म्हणजे शिक्षक होण्यासाठी कॉलेजात शिकणाऱ्यांना अमेरिकी सरकार देतं त्या पैशाचा. 'ग्रँट' म्हटलं की आपण ठिबकचं अनुदान डोळ्यांसमोर आणतो. पैसे खात्यात पडले की आपले. त्यातून 'मुलीला फुकट पैसे मिळतात' असं नातेवाईक एकमेकांना सांगत सुटतात. कृपा करून हे थांबवा. वर्षाला कमाल ४,००० डॉलर, सरकारी खर्चकपातीनंतर हातात ३,७७२. ते घेताना दरवर्षी करारावर सही होते: शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांत चार वर्षं पूर्णवेळ शिकवेन, तेही शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयात आणि कमी उत्पन्नाच्या शाळेत.

अट मोडली की पूर्ण रक्कम कर्ज होते. व्याज अट मोडल्या दिवसापासून लागत नाही, प्रत्येक हप्ता मिळाला त्या तारखेपासून लागतं. चार वर्षांचे १५,०८८ डॉलर घेतले, तीन वर्षं मन लावून शिकवलं आणि चौथं राहिलं, तर तीन वर्षांची सूट शून्य. कर्ज १५,०८८ चंच, वर मागचं सगळं व्याज. एकदा कर्ज झालं की, सरकारची चूक वगैरे मोजके अपवाद सोडले तर, ते पुन्हा ग्रँट होत नाही.

लोक बहुतेक करून विषयाच्या बाबतीत फसतात. गणिताच्या नावाने नेमणूक होते आणि निम्म्याहून जास्त तास भलत्याच विषयाचे मिळतात. ते वर्ष मोजलं जात नाही. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी वेळापत्रक मागा, आणि शाळा त्या वर्षीच्या सरकारी यादीत आहे का ते स्वतः बघा. मुख्याध्यापकाच्या तोंडी होकाराला अर्थ नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी ही ग्रँट घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. अठराव्या वर्षी विषय पक्का नसतो. सही वर्षागणिक असते, तेव्हा शेवटच्या दोन वर्षांत घेतली तरी चालते.

एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बी वगैरे कामाच्या व्हिसावरच्यांचे कुटुंबीय) व्हिसावर असाल तर दोन्ही विसरा. साधारणपणे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं.