साखळी, सोडियम आणि हिरवे तेल : सित्रोएन एसएमच्या जीर्णोद्धारामागचा इतिहास

सित्रोएन एसएम या १९७० च्या दशकातल्या फ्रेंच मोटारीचे इंजिन पहिल्यांदा खोलणाऱ्याला दोन गोष्टी बुचकळ्यात टाकतात. सहा सिलिंडरांच्या व्ही इंजिनात दोन रांगांमधला कोन ६० अंशांचा असावा अशी अपेक्षा असते, इथे तो ९० अंशांचा निघतो. आणि वॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे जाणाऱ्या साखळ्या इंजिनाच्या टोकाला सापडत नाहीत, त्या सिलिंडरांच्या मधून वर जातात. या गाडीवर आज होणारा बहुतेक खर्च तिच्या जन्माच्या वेळी घेतलेल्या अशाच निर्णयांपाशी जाऊन पोहोचतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी १९६८ सालात डोकावणे फायद्याचे ठरते.

त्या वर्षी सित्रोएनने इटलीतल्या मासेरातीचा ताबा घेतला. डीएस या आधीच्या मोटारीमुळे हायड्रॉलिक सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग यांत सित्रोएनचा हात कुणी धरू शकत नव्हते. पण त्या ताकदीचे इंजिन तिच्याजवळ नव्हते. डीएस शेवटपर्यंत चार सिलिंडरांवरच चालली. मोदेनात मासेरातीकडे इंजिने होती, पैसा नव्हता. नव्या मोटारीच्या इंजिनाचे काम मुख्य अभियंता जुलिओ अल्फिएरी यांच्याकडे आले, आणि वेळ फार थोडा होता. कारखान्यातली यंत्रे मासेरातीच्या व्ही-८ साठी ९० अंशांवर बसवलेली होती, म्हणून नवे व्ही-६ देखील त्याच कोनात झाले. २.८ लिटरच्या वर गेलेल्या मोटारींवर फ्रान्समध्ये कर जबर असे, म्हणून क्षमता २,६७० सीसीवर थांबवली. असे हे सी-११४ इंजिन : ब्लॉक अॅल्युमिनियमचा, प्रत्येक रांगेवर दोन कॅमशाफ्ट, तीन वेबर कार्ब्युरेटर, १७० हॉर्सपॉवर, वजन १४० किलोच्या आसपास. मार्च १९७० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रोबेर ओप्रों यांच्या आरेखनातली एसएम लोकांसमोर आली. ताशी २२० किलोमीटर वेगाची ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती. पुढच्याच वर्षी तिने मोरोक्कोची रॅली जिंकली.

कोनाचा हिशेब आजही चुकवावा लागतो. क्रँकशाफ्टला तीनच पिना आणि प्रत्येक पिनेवर दोन कनेक्टिंग रॉड, त्यात ९० अंशांचा कोन. म्हणजे ठिणगी समान अंतराने पडत नाही : एकदा ९० अंशांनी, पुढच्या वेळी १५० अंशांनी. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद फिरताना, ते थोडे अडखळते ते यामुळे, आणि ते तसेच असायचे. नवखा मेकॅनिक ही अडखळण घालवायला कार्ब्युरेटर पिळत बसतो, मग नीट चाललेले इंजिनही बिघडते. डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे दोन संच असतात, एकेका रांगेसाठी एकेक. दोघांचा मेळ बसला नाही तर तीन सिलिंडरांचे टाइमिंग बरोबर आणि तीन सिलिंडरांचे पुढे-मागे, असा प्रकार होतो. तेव्हा दोन्ही रांगांचे टाइमिंग वेगवेगळे तपासून घ्यावे लागते. आता बरेच जण इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. प्रदर्शनातले परीक्षक नाक मुरडतील, पण रोज चालवायच्या गाडीला हा बदल शहाणपणाचा आहे.

खरी डोकेदुखी साखळ्यांची. क्रँकशाफ्टवरून एक प्राथमिक साखळी मधल्या शाफ्टला फिरवते आणि त्या शाफ्टवरून दोन दुय्यम साखळ्या दोन्ही रांगांच्या कॅमशाफ्टना फिरवतात. इथवर काही वावगे नाही. पण सित्रोएनला आणखी तीन गोष्टी फिरवायच्या होत्या : अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि सस्पेन्शन-ब्रेक-स्टिअरिंगला दाब पुरवणारा हायड्रॉलिक पंप. या सगळ्यांचा भार त्याच मधल्या शाफ्टवर टाकला गेला. पंपाचा भार एकसारखा नसतो. दाब भरला की तो मोकळा फिरतो, उतरला की पुन्हा जोर लावतो. एसीचा कॉम्प्रेसरही चालू-बंद होत राहतो. हे सगळे धक्के प्राथमिक साखळीने सोसायचे. मासेरातीच्या अभियंत्याने कॅमशाफ्टचा विचार करून रचलेली साखळी सित्रोएनच्या हायड्रॉलिकची ओझेवाहू झाली. दोन घरांच्या सोयरिकीतला सगळ्यात महाग तंटा तो हाच.

दुय्यम साखळ्यांचा ताण बाहेरून हाताने जुळवता येतो, आणि तो वेळच्या वेळी जुळवावाच लागतो. साखळी लांबली तर आलेला सैलपणा आपोआप भरून निघत नाही. ७० च्या दशकात गावोगावच्या सित्रोएन एजंटांकडे ही गाडी सर्व्हिसिंगला जाई. हायड्रॉलिकमध्ये ते वाकबगार होते, चार कॅमशाफ्टच्या इटालियन इंजिनाला मात्र बिचकत. उलट मासेरातीच्या मेकॅनिकला हायड्रॉलिकच्या हिरव्या तेलाच्या नळ्या पाहून घाम फुटे. तेव्हा साखळी जुळवणे राहून जाई. सैल साखळी आधी खडखडते, मग दात सोडते. दात सुटला की वॉल्व पिस्टनवर आपटतात. प्राथमिक साखळी घट्ट ठेवणारा ताणक तर आत खोलवर असतो आणि बरीच मोडतोड केल्याशिवाय हाती लागत नाही. त्यामुळे इंजिन काही कारणाने बाहेर आले असेल तर तिन्ही साखळ्या, ताणक आणि घसरपट्ट्या नव्या टाकूनच ते परत बसवावे. मूळ ताणकाऐवजी आता सुधारित, जास्त भक्कम ताणक मिळतो. तिथे मूळपणाचा हट्ट धरू नये, तो भाग कुणाला दिसतही नाही.

दुसरे दुखणे एक्झॉस्ट वॉल्वचे. त्यांचे दांडे पोकळ असून आत सोडियम भरलेले आहे. तापल्यावर सोडियम वितळते, दांड्यात वर-खाली हिंदकळते आणि वॉल्वच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे नेते. शर्यतीच्या इंजिनात ही युक्ती छान, कारण ते इंजिन दर हंगामात खोलले जाते. पन्नास वर्षे जुन्या वॉल्वचे डोके मात्र दांड्यापासून तुटू शकते. ते सिलिंडरमध्ये पडले की पिस्टन, स्लीव्ह (सिलिंडरचे अस्तर) आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) तिन्हींचा चुराडा होतो. हेड उतरवले की सहाही एक्झॉस्ट वॉल्व काढून भरीव स्टेनलेस स्टीलचे टाकणे हा आता रिवाज झाला आहे. जुने वॉल्व कापू नयेत, भंगारातही तसेच टाकू नयेत. सोडियमला पाणी लागले तर ते पेट घेते. ते काय आहे हे सांगून, जाणकारांकरवीच त्यांची विल्हेवाट लावावी.

हेड उतरवतानाचा एक धोका अनुभवी मेकॅनिकलाही फसवतो. सिलिंडरच्या स्लीव्ह ओल्या आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट कूलंट फिरते आणि हेडच्या दाबानेच त्या जागेवर बसलेल्या असतात. हेड काढल्यावर स्लीव्ह पट्ट्यांनी दाबून न धरता क्रँक फिरवला, तर पिस्टनबरोबर स्लीव्ह उचलली जाते, खालचे सील फाटते आणि कूलंट ऑइलमध्ये उतरते. नंतर हेड कितीही नीट आवळले तरी उपयोग नाही, सगळे पुन्हा खोलावे लागते.

इंजिनाइतकेच काम हायड्रॉलिकमध्ये असते, पण तिथे सित्रोएनचा हात मुरलेला होता आणि ते जाणवते. डीएसच्या सुरुवातीच्या गाड्यांत लाल तेल होते. ते हवेतला ओलावा ओढून घेई आणि नळ्या आतून गंजत. पुढे डीएससाठी आलेले हिरवे खनिज तेल, एलएचएम, एसएमला पहिल्या दिवसापासून मिळाले. म्हणून जुन्या एसएमचे व्हॉल्व आणि रॅम पुष्कळदा आतून स्वच्छ निघतात. घात होतो तो चुकीच्या तेलाने. साधे ब्रेक ऑइल एकदा जरी ओतले गेले तरी रबरी सील फुगतात, मऊ होतात आणि सगळी प्रणाली उघडावी लागते. खरेदीपूर्वी टाकीतल्या तेलाचा रंग पाहावा. स्वच्छ हिरवा असेल तर ठीक. तपकिरी झाला असेल किंवा जळका वास येत असेल तर आधी धुलाई, टाकीतल्या जाळ्या पेट्रोलने साफ, मग नवे तेल.

प्रणालीची तब्येत कानानेही कळते. इंजिन आयडलला ठेवून प्रेशर रेग्युलेटरची टकटक मोजावी. दोन टकांमध्ये अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ गेला तर चांगले. चार-पाच सेकंदांनी टक होत असेल तर एक तर दाब साठवणाऱ्या मुख्य अॅक्युम्युलेटरच्या गोळ्यातला नायट्रोजन निघून गेला आहे, नाही तर कुठेतरी आतल्या आत गळती आहे. गोळ्यांत रबरी पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल असते; वायू पडद्यातून वर्षानुवर्षे झिरपत राहतो. सस्पेन्शनचा गोळा मेला की गाडी दगडासारखी चालते. आणखी एक इशारा, जो जुन्या पुस्तिकांतही ठळक दिलेला असे : गाडीखाली शिरण्यापूर्वी घोड्या लावाव्यात, गाडीची उंची बदलणारा लीव्हर खाली घ्यावा आणि रेग्युलेटरचा स्क्रू सैल करून दाब सोडावा. इंजिन बंद असताना गाडी हळूहळू बसते, एखादी नळी सुटली तर एकदम बसते.

पत्र्याबद्दल थोडक्यात. बॉनेट अॅल्युमिनियमचे, बाकी बहुतेक अंग लोखंडी पत्र्याचे, आणि त्या काळात गंजरोधक प्रक्रिया नावापुरतीच. मागच्या चाकांच्या कमानी, दारांखालचे उंबरे, मजला, डिकीचा तळ आणि मागच्या काचेभोवतीचा भाग टोचून पाहावा. वरून पुट्टी भरून चकाचक रंगवलेली गाडी इतर कोणत्याही जुन्या गाडीपेक्षा इथे जास्त महाग पडते, कारण पत्रे सहज मिळत नाहीत. सांगाडा कापण्याआधी गाडी चाकांवर उभी करून दारांच्या फटी मोजून ठेवाव्यात. मागची दोन चाके पुढच्या दोन चाकांपेक्षा एकमेकांच्या २० सेंटिमीटर जवळ असल्यामुळे मागे निमुळते होत जाणारे हे शरीर जरा वाकडे जोडले गेले तरी नजरेला खटकते. पुढच्या सहा दिव्यांवरची काच जपून उतरवावी. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या आतल्या दिव्यांची हायड्रॉलिक नळी वेगळी आणि बंदिस्त आहे. तिचा एलएचएमशी संबंध नाही, हे विसरून चुकीची जोडणी करणारे निघतात. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना नियमांमुळे ही काच मिळाली नाही, चार गोल दिवे मिळाले. तिथून आणलेल्या गाडीला युरोपीय तोंड बसवणे हे स्वतंत्र आणि खर्चिक प्रकरण आहे.

सुटे भाग दुर्मीळ का, याचे उत्तर उत्पादनाच्या आकड्यांत आहे. १९७० मध्ये ८६८ गाड्या झाल्या, १९७१ मध्ये ४,९८८, १९७२ मध्ये ४,०३६, १९७३ मध्ये २,६१९. मग कडा कोसळावा तसे झाले : १९७४ मध्ये २९४ आणि १९७५ मध्ये ११५. एकूण १२,९२०. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने वेगमर्यादा आणली आणि २२० च्या वेगाची गाडी घेण्याचे कारणच उरले नाही. अमेरिकेत १९७४ पासून बंपरच्या उंचीचा नियम कडक झाला. उंची बदलणारे सस्पेन्शन त्यात बसेना आणि ती बाजारपेठ बंद झाली. सित्रोएन स्वतः कर्जात बुडाली होती. शेवटच्या गाड्यांची जोडणी फ्रान्समधल्या विशीजवळच्या लिजिए या मोटार कंपनीच्या कारखान्याकडे सोपवली गेली. प्यूजोने सित्रोएनची सूत्रे हाती घेतली, १९७५ मध्ये मासेराती वाऱ्यावर सोडली गेली आणि एसएम दोन्ही घरांना परकी झाली. घरचे माणूसच उरले नाही, तर साखळ्या आणि वॉल्व बनवणार कोण?

तरीही इंजिन तगले ते शेजाऱ्यांमुळे. मासेरातीच्या मेराक या मोटारीने हेच इंजिन तीन लिटर करून १९८३ पर्यंत वापरले आणि लिजिए जेएस-२ मध्येही ते बसले. त्यामुळे काही भाग त्या बाजूने मिळत राहिले. याच कारणाने खरेदीच्या वेळी इंजिन कोणते आहे हे तपासावे. चॅसिस क्रमांकात एसबी असेल तर गाडी मुळात कार्ब्युरेटरची, एससी असेल तर १९७२ पासूनची बॉश इंजेक्शनची, १७८ हॉर्सपॉवरची, आणि एसडी असेल तर तीन लिटर ऑटोमॅटिक. एसबी गाडीत तीन लिटरचे इंजिन दिसले तर ते नंतर आले आहे. हा काही गुन्हा नाही, पण किंमत त्या हिशेबाने ठरावी. इंजेक्शनच्या गाड्यांत जुन्या वायरिंगचे तडकलेले आवरण आणि दाब मोजणारा सेन्सर यांत पैसा जातो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जुने रबरी पेट्रोल पाइप गरम इंजिनावर ठिबकतात आणि गाडी पेटते. पाइप आणि क्लॅम्प इतर काहीही करण्याआधी बदलावेत.

नव्याने जोडलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. कॅमशाफ्टवर आणि वॉल्वच्या डोक्यावरच्या बकेटवर ऑइल सोडावे, सगळे प्लग काढून स्टार्टरने थोडे-थोडे फिरवत ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत थांबावे, मगच प्लग बसवावेत. हायड्रॉलिक पंपाच्या येणाऱ्या नळीत एलएचएम भरून ठेवावे, नाही तर तो हवाच ढवळत बसतो. रेग्युलेटरचा स्क्रू पहिल्या मिनिटभर सैल ठेवून हवा जाऊ द्यावी, नंतर आवळावा. स्क्रू आवळण्यापूर्वी पुढच्या चाकांजवळ कुणी नाही ना, ते पाहावे. गाडी उभी असली तरी दाब चढला की दिराव्ही नावाचे तिचे हायड्रॉलिक स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते, आणि चाकाच्या खाचेत राहिलेला हात त्याला कळत नाही.