पार्श्वभूमी: नशा सुटलेला वादक आणि न्यूयॉर्कचं कार्ड

साठी-सत्तरी ओलांडलेले रॉक आणि जॅझ कलाकार हल्ली मुलाखतींत मोकळेपणाने बोलतात. अमुक साली नशा सोडली, त्याला इतकी वर्षं झाली, आणि मनासारखं काम त्यानंतरच हातून झालं. ही वर्षं ते वाढदिवसासारखी मोजतात. वाचताना आपण सगळं श्रेय त्या माणसाच्या निर्धाराला देऊन मोकळे होतो. निर्धार लागतोच. पण पंचाहत्तर वर्षांपूर्वी तितकाच निर्धार करून इस्पितळातून किंवा तुरुंगातून बाहेर पडलेल्या न्यूयॉर्कच्या वादकाला वाजवायला जागाच उरलेली नसे. ही बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून हे टिपण.

अगदी मागचं थोडक्यात. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने अफूजन्य पदार्थ आणि कोकेन यांच्यावर नियंत्रण आलं. व्यसनी माणसाची गरज भागावी एवढ्यासाठी डॉक्टरने मात्रा लिहून देणं हा उपचार नव्हे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये ठरवलं. डॉक्टरचं दार बंद झालं आणि पोलिसाचं तेवढं उघडं राहिलं.

व्यसनी माणूस हा रोगी की गुन्हेगार, याबद्दलचा सगळा गोंधळ १९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टनजवळ एका सरकारी इस्पितळवजा तुरुंगाच्या विटांच्या भिंतींत उभा राहिला. सुमारे हजार एकर जागा, शेती, दूधदुभतं, आणि एकाच छताखाली शिक्षा भोगणारे कैदी व आपल्या पायांनी चालत आलेले रुग्ण. चाळीस आणि पन्नासच्या दशकांत तिथे इतके जॅझवादक दाखल झाले की आतल्या बँडला चांगल्या माणसांची कधी वाण पडली नाही. वाद्यं मिळत, सरावाला वेळ मिळे, कार्यक्रम होत आणि आसपासचे लोकही ते ऐकायला येत. बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळले, हे पुढच्या पाहण्यांत दिसलं. मला त्यात नवल वाटत नाही. आत त्यांच्याजवळ वाद्य, जोडीदार आणि श्रोते होते. बाहेर पडल्यावर त्यातलं काय हाती राहील, हे आणखी कुणीतरी ठरवणार होतं.

न्यूयॉर्कमध्ये ते पोलीस ठरवत.

१९४० पासून त्या शहरात दारू मिळणाऱ्या आणि करमणुकीचे कार्यक्रम होणाऱ्या कुठल्याही जागी काम करायचं तर पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावं लागे. त्याला 'कॅबरे कार्ड' म्हणत. नावावरून नाचणारणींचा परवाना वाटेल, पण तो वादकाला लागे, गायिकेला लागे, वेटरला आणि भांडी घासणाऱ्यालाही लागे. बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा आणि मुदत संपली की पुन्हा रांगेत उभं राहायचं. रात्रीच्या धंद्यापासून गुंड आणि अमली पदार्थ विकणारे दूर राहावेत, असा हेतू सांगितला जाई. तो अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही. नाइटक्लबांच्या मालकीत टोळ्यांचा पैसा खेळत होता, हे उघड गुपित होतं. पण कार्ड मालकाला लागत नव्हतं, ते राबणाऱ्याला लागत होतं. ते काढून घ्यायला शिक्षा झालेली असण्याचीही गरज नव्हती, अनेकदा अटक पुरे होई.

याचा वादकाच्या जगण्यावर काय परिणाम होई हे समजायला तेव्हाचा धंदा डोळ्यांसमोर आणावा लागतो. जॅझवादकाचं पोट क्लबावर चाले. एका क्लबात आठवडेच्या आठवडे मुक्काम, रोज रात्री दोन-तीन सेट, त्यातूनच घरभाडं निघे आणि त्यातूनच संच घडे. रेकॉर्डिंग स्टुडिओला किंवा मोठ्या सभागृहाला कार्ड लागत नसे. त्यामुळे एक चमत्कारिक अवस्था आली. १९४७ मध्ये अटक होऊन वेस्ट व्हर्जिनियातल्या स्त्रियांच्या तुरुंगात राहिलेली एक विख्यात गायिका २७ मार्च १९४८ रोजी कार्नेगी हॉलच्या मंचावर उभी राहिली, तेव्हा सभागृह खच्चून भरलं होतं. पण त्याच शहरातल्या पन्नास टेबलांच्या क्लबात गायचा हक्क तिला उरला नव्हता. पुढे मरेपर्यंत न्यूयॉर्कच्या क्लबांत तिला नियमित गाता आलं नाही. दौऱ्यावर दौरे करत दुसऱ्या शहरांतून कमवायचं, म्हणजे घरापासून दूर, हॉटेलच्या खोल्यांत राहायचं. नशा सोडू पाहणाऱ्या माणसाला नेमकं जिथे ठेवू नये, तिथेच. १९५९ साली ती रुग्णालयात खाटेवर पडलेली असताना तिला पुन्हा अटक झाली आणि त्याच मुक्कामात ती गेली.

दुसरी कहाणी बीबॉप या जॅझशैलीतल्या एका अल्टो सॅक्सोफोनवादकाची. जुलै १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत त्याची तब्येत कोसळत असताना मुद्रण झालं. तबकडी आजही ऐकता येते. पियानोवाला सुरुवात करून देतो, वाट बघतो, तीच वाक्यं लांबवतो. सॅक्सोफोन उशिरा येतो आणि आल्यावरही सूर डगमगत राहतो. हे मुद्रण बाजारात आणल्याचा राग त्याच्या मनातून कधीच गेला नाही. त्याच रात्री त्याला अटक झाली, पुढे सहाएक महिने कॅमरिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात काढले. बाहेर आल्यावर फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने त्या गावाच्या नावाची धून वाजवली, ती मात्र ताजी, तरतरीत. न्यूयॉर्कला परतल्यावर नशाही परतली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९५१ मध्ये त्याचं कार्ड गेलं, तेव्हा त्याच्यापाशी राहिलेला कमाईचा सर्वांत भरवशाचा आधारही गेला. १९५३ साली त्याने अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं: माझा पेशा करण्याचा हक्क काढून घेतला आहे आणि काही गुन्हा नसलेली बायको-मुलं त्याचे भोग भोगत आहेत, अशा आशयाचं. मार्च १९५५ मध्ये तो गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. तपासणाऱ्या डॉक्टरने त्याचं वय पन्नाशीच्या पुढचं धरलं होतं.

कार्ड परत मिळाल्यावर काय होऊ शकतं, याचाही दाखला आहे. तिरकस, तुटक बोटांनी पियानो वाजवणाऱ्या एका रचनाकाराचं कार्ड १९५१ मध्ये गेलं. मोटारीत सोबत बसलेल्या मित्राबरोबर तो पकडला गेला होता. ऐन उमेदीची सहा वर्षं न्यूयॉर्कच्या क्लबांत त्याला जवळजवळ वाव नव्हता. १९५७ मध्ये कार्ड मिळालं, मॅनहॅटनच्या एका छोट्या क्लबात त्याला अनेक महिन्यांचं काम मिळालं, आणि ज्याला दहा वर्षं 'विक्षिप्त' म्हणत होते त्याला ऐकायला रांगा लागल्या. बोटं तीच होती, रचनाही बऱ्याचशा जुन्याच होत्या.

विरोध हळूहळू वाढला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस एका ट्रॉम्बोनवादकाने न्यायालयात दाद मागून आपलं कार्ड मिळवलं. १९६० मध्ये एका विनोदी कथनकाराचं कार्ड जप्त झालं आणि काही आठवड्यांतच तो वारला, तेव्हा बोभाटा झाला. १९६७ मध्ये पद्धत रद्द झाली. सत्तावीस वर्षं ती चालली, म्हणजे जॅझचा सगळा मधला काळ.

मुंबईतही जवळपास त्याच सुमारास, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर, हॉटेलांतल्या बँडवर गदा आली. तिथे वादकावर संशय नव्हता, बंद झाली ती दारू. पण दारूसोबत गोव्याहून आलेल्या कित्येक वादकांचं रात्रीचं कामही आटलं. त्यांना सिनेमाच्या स्टुडिओंनी हात दिला, म्हणून त्यांचं वादन टिकलं.

सोडण्याच्या पद्धतीबद्दलही एक शब्द आपल्याकडे वेगळाच होऊन आला आहे. गर्दच्या अड्ड्यांवर 'टर्की लागली' म्हणतात, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, पोटात पीळ पडतो. 'कोल्ड टर्की' हा मूळ अमेरिकन प्रयोग एका झटक्यात, औषधाविना सोडण्याला आहे. पन्नासच्या दशकात एका ट्रम्पेटवादकाने इलिनॉयमधल्या वडिलांच्या शेतावर स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, ते या अर्थाने. त्याच्या आत्मकथनामुळे हा मार्ग फार मर्दानी ठरला. वडील दंतवैद्य होते आणि त्यांच्याकडे शेत होतं, हे सांगायला लोक विसरतात.

औषधाचा मार्ग १९६०च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कमध्येच मेथाडोनच्या, म्हणजे हेरॉइनऐवजी द्यायच्या औषधाच्या रूपाने आला, आणि त्यासोबत आजवर न मिटलेला वाद आला. रोज मेथाडोन घेऊन नीट काम करणारा माणूस 'क्लीन' म्हणायचा का? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या बारा पायऱ्यांच्या बैठकांत कित्येक वर्षं याचं उत्तर 'नाही' असं मिळे. ही परंपरा १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये दारूसाठी सुरू झाली आणि १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात अमली पदार्थांसाठीही. तिने असंख्य कलाकारांना उभं केलं, पण औषधावर टिकलेल्यांना तिच्याच बैठकीत मान खाली घालावी लागली, हे मला अन्यायाचं वाटतं. मराठीत आपण 'व्यसनमुक्त' म्हणतो, त्यातही सुटका एकदाची झाली असा सूर आहे. बैठकांतली माणसं मात्र तीस वर्षांनंतरही 'मी बरा होतोय' असंच म्हणतात.

ऐंशीच्या दशकापासून चित्र झपाट्याने बदललं. रॉक कलाकार मिनेसोटातल्या उपचारकेंद्रांत महिना महिना राहू लागले. टेक्ससच्या एका ब्लूज गिटारवादकाने १९८६ मध्ये नशा सोडली आणि १९८९ च्या तबकडीचं नावच त्या पायऱ्यांकडे बोट दाखवणारं ठेवलं. पुढच्याच वर्षी हेलिकॉप्टर अपघातात तो गेला, पण शेवटची चार वर्षं तो पूर्ण शुद्धीत वाजवत होता. एका इंग्लिश गिटारवादकाने १९९८ मध्ये कॅरिबियन बेटावर उपचारकेंद्र उभं केलं आणि त्यासाठी आपल्या गिटारी लिलावात काढल्या. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसात एका जुन्या सॅक्सोफोनवादकाने वादकांच्या उपचाराचा खर्च उचलणारी संस्था काढली. स्वतः तो दशकानुदशकं हेरॉइन आणि तुरुंग यांत अडकलेला होता. वादकाच्या उपचाराचे पैसे वादकांच्याच धंद्यातून यावेत, ही त्यातली नवी गोष्ट. दौऱ्यावर ग्रीनरूममध्ये दारू ठेवायची नाही, गाव बदललं की तिथली बैठक शोधायची, हे हळूहळू रुळलं.

पुण्यात १९८६ साली, गर्दची लाट ऐन भरात असताना सुरू झालेल्या केंद्रात बरे झालेले कित्येक जण तिथेच समुपदेशक म्हणून कामाला लागले. माणूस बरा झाला की त्याच्या हाताला काम हवं, हे तिथे पहिल्यापासून ओळखलं गेलं.

लेक्सिंग्टनमधून १९५५ मध्ये बाहेर पडलेला एक टेनर सॅक्सोफोनवादक न्यूयॉर्कला परतला नाही, शिकागोला गेला. तिथे कार्डाची भानगड नव्हती. तो झाडलोट करी, ट्रकमध्ये माल भरी आणि उरलेल्या वेळात सराव करी. पुढे ऐंशी उलटली तरी तो मैफिली करत होता. क्लबात पाऊल टाकल्याची पहिली रात्र त्याने अनेकदा सांगितली आहे. ओळखीची मंडळी भेटली, बाहेर चल म्हणाली. त्याच्या तळहातांना घाम सुटला. तो नाही म्हणाला आणि आपल्या खोलीवर गेला. पुढच्या वेळी तो पुन्हा क्लबात गेला, तेव्हा थोडं सोपं गेलं.