जड दांडा, हलका दांडा

"साब, आर्म जितना भारी, आवाज उतना भारी." मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या दुकानदाराचं हे वाक्य ऐकून माझा भाचा पुरता भाळला. आर्म म्हणजे टोनआर्म, रेकॉर्डवर सुई धरणारा दांडा. तो होताही देखणा, नागमोडी वळणाचा, चकचकीत. गिरगावातल्या चाळीत, त्याच्या स्वस्तातल्या बेल्टवाल्या टर्नटेबलवर तो बसवायचा होता. मी म्हटलं, थांब, आधी किल्ल्यांचा जुडगा आण.

जुडगा रबरबँडला टांगून हात सावकाश वरखाली केला की तो निमूट हातामागे येतो. हात भराभर हलवला तर जुडगा जागचा ढळत नाही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी असा वेग सापडतो, की जुडगा थयथय नाचू लागतो. हाच अनुनाद.

टोनआर्म म्हणजे जुडगा, सुईमागची रबराची कडी म्हणजे रबरबँड आणि रेकॉर्डची खाच म्हणजे आपला हात. दांड्याच्या टोकाला सुई बसवलेली डबी असते, ती कार्ट्रिज. तिच्या तुलनेत सुई जेवढी हलेल तेवढीच वीज तयार होते. म्हणजे गाणं वाजताना, २० हर्ट्झच्या (सेकंदाला २० कंपनांच्या) वर, दांडा स्थिर हवा. वाकलेली रेकॉर्ड मात्र मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेत सावकाश वरखाली होते. तिथे दांड्याने मुकाट मागे जायचं. अनुनाद या दोन्हींच्या मधे, ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसलेला बरा.

आता वस्तुमान. तराजूवरचं नव्हे, सुईला जाणवणारं. दांडा ज्या टेकूवर हलतो, त्या टेकूपासूनच्या अंतराच्या वर्गाने दांड्याच्या प्रत्येक भागाचं वजन मोजलं जातं. सुई टेकूपासून २३ सेंमीवर असेल, तर तिथला एक ग्रॅम पुरता एक ग्रॅम. पण टेकूच्या मागे ३ सेंमीवर, तोल साधायला लावलेलं १०० ग्रॅमचं प्रतिवजन सुईला जेमतेम पावणेदोन ग्रॅम भासतं! त्याहून गंमत म्हणजे प्रतिवजन दुप्पट जड करून निम्म्या अंतरावर आणलं, तर तोल तोच राहतो आणि त्याचं जडत्व निम्मं होतं.

हे परिणामी वस्तुमान, अधिक कार्ट्रिज आणि स्क्रू, सगळं ग्रॅममध्ये. त्याला सुईच्या लवचिकतेने (कार्ट्रिजच्या कंपनीने छापलेल्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ला भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. (काही जपानी कंपन्या लवचिकता १०० हर्ट्झला मोजून छापतात. तो आकडा दीडपट ते दुप्पट करून घ्यावा लागतो.)

भाच्याच्या कार्ट्रिजची लवचिकता २५. जुना दांडा ११ ग्रॅम, त्यावर कार्ट्रिज-स्क्रूचे ७, म्हणजे साडेसात हर्ट्झ. आधीच जरा कमी. नवा दांडा २० ग्रॅमचा, म्हणजे सहा. चाळीच्या लाकडी जमिनीवर कुणी धपधप चाललं, की सुई उडालीच.

चांगल्या दांड्याने फरक पडत नाही असं नाही. टेकूच्या बेअरिंगमध्ये खडखड नको, घर्षण नको, नळी ताठ हवी. रेगा कंपनीने १९८३ साली आरबी३०० हा दांडा काढला, त्याची नळी एकसंध ओतीव ॲल्युमिनियमची होती ती याचसाठी. पण केबलवर बाण छापून 'वीज याच दिशेने गोड वाहते' म्हणणारे आणि ग्रहांचे खडे विकणारे मला एकाच माळेचे मणी वाटतात. कार्ट्रिजमधून निघणारा प्रवाह मुळात दोन्ही दिशांनी ये-जा करतो, बाण कुठला पाळणार?

दांडा दुकानातच राहिला. भाच्याने चाळीच्या जाड भिंतीत दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकले, वर फळी टाकली आणि टर्नटेबल जमिनीपासून सोडवला.